शेवंताबाईची साखर

इक्बाल, तू गेलास त्या आठवड्यात चाकणमधल्या निम्म्या डॉक्टरांनी आपापल्या विमा एजंटांना फोन केले. इतकी वर्षं तू घसा कोरडा करून सांगत होतास, तेव्हा हीच मंडळी असोसिएशनच्या जेवणात तुझ्या शेजारची खुर्ची टाळायची. तुझ्या शेजारी बसलं की सूप यायच्या आधी टर्म इन्शुरन्स येतो, असं म्हणायची. आता सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला, की सिगारेटला न शिवणारा, रोज सकाळी सांगवीत नदीकाठी चालायला जाणारा, पन्नाशीतला फिजिशियनसुद्धा दोन पेशंटच्या मधे खुर्चीतच मान टाकू शकतो. तुझ्या बोलण्याने जे झालं नाही ते तुझ्या जाण्याने झालं. तू असतास तर म्हणाला असतास, आधी सांगायचं ना, लवकर गेलो असतो.

शोकसभेत तुला शांत, निगर्वी आणि मितभाषी म्हणाले. मितभाषी म्हटल्यावर मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्याने खोकलं. ती मी होते. प्लायवूडच्या एका भिंतीपलीकडे तू इतकी वर्षं बडबडत होतास आणि अलीकडे मी लहान पोरांना इंजेक्शनं देत होते. माझ्याकडची पोरं रडायला लागली की तुझ्याकडच्या पेशंटांचं बीपी वाढतं, अशी तुझी कायमची तक्रार. तुझं बोलणं ऐकून माझी पोरं रडतात, असं माझं म्हणणं. कॉलेजपासून आपलं हेच चाललं होतं.

तर तुझ्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते संपवायला मी हे लिहितेय. मी बोलत असताना तू मधे तोंड घालू शकत नाहीस, अशी ही पहिलीच वेळ आहे. मी तिचा पुरेपूर फायदा घेणार आहे.

तुला विम्याचं हे वेड कुठून लागलं ते तू फार लोकांना सांगितलं नाहीस. त्यांना वाटायचं तुला कमिशन मिळतं. पिंपरीत तुझ्या अब्बांचं गॅरेज होतं. एक दिवस जॅक सरकला आणि गाडीखाली त्यांचा उजवा हात सापडला. तेव्हा आपण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या एकूणएक गाडीचा विमा होता आणि ज्याच्या हातावर घर चालत होतं त्या माणसाचा नव्हता. तुझी फी मामूंनी भरली आणि अब्बा डाव्या हाताने पाना-पक्कड धरायला शिकले. हे तू मला एकदाच, कँटीनमध्ये, वडापाव खाता खाता सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. त्यानंतर मी तुला विम्यावरून खूप चिडवलं, पण अब्बांवरून कधी नाही. एवढं श्रेय मला दे.

मी लहान मुलांची डॉक्टर, म्हणून मला समजावं यासाठी तू विम्याचं चक्क लसीकरणाचं वेळापत्रक केलंस. बाळ जन्मलं की बीसीजी, तसं पदवी हातात पडली की टर्म, म्हणजे आपण गेलो तर घरच्यांना पैसे. स्वस्त असते, कारण माणूस धडधाकट असतो. त्याच्याच जोडीला अपंगत्वाचा विमा, कारण तरुण डॉक्टर मेला तर दुःख होतं पण हात मोडला तर दवाखाना बंद होतो. मग लग्न झालं, पोरं झाली की टर्म वाढवायची, तो बूस्टर. स्वतःचा दवाखाना थाटला, कर्ज काढलं, की कर्जाएवढं संरक्षण, आणि पेशंटने कोर्टात खेचलं तर वकील उभा करणारी इंडेम्निटी. चाळिशी यायच्या आत, म्हणजे आजार दारात यायच्या आत, स्वतःच्या नावाचा आरोग्य विमा. आणि साठी ओलांडली, पोरं कमावती झाली, की टर्म सोडून द्यायची आणि आरोग्य विमा मरेपर्यंत सोडायचा नाही. आपल्या त्या म्हाताऱ्या सर्जनसाहेबांनी सत्तरीच्या तोंडावर तुला विचारलं, आता टर्म घेऊ का. तू त्यांना म्हणालास, "सर, आता तुमच्यावर अवलंबून कोण आहे? कुत्रा. त्याला मी सांभाळीन." ते तुझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. कुत्रा मात्र तुला पाहिलं की शेपूट हलवायचा.

वेळकाळ तुला कधी कळला नाही. भोसरीच्या त्या हाडांच्या तरुण डॉक्टरच्या लग्नात आपण स्टेजवर गेलो. लोक पाकीट देतात, फोटो काढतात, खाली उतरतात. तू नवरदेवाचा हात हातात घेतलास आणि काळजीच्या सुरात विचारलंस, "टर्म घेतलीस ना? उशीर नको करू बाबा." शेजारी मुलीचे वडील उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. मुलाला काय झालंय, किती दिवस आहेत त्याच्याकडे, असं ते जेवणाच्या पंगतीत मला खोदून खोदून विचारत होते. मी त्यांना समजावलं, की मुलगा ठणठणीत आहे, आजार या विचारणाऱ्याला आहे.

आणि माझ्यावर वकिलाची नोटीस आली तो दिवस. एका बाळाच्या मांडीला लस टोचल्यावर गाठ आली होती, आठवड्यात जिरली, पण बाळाच्या काकांनी कायदा वाचला होता. मी बसलेले पेशंट तसेच सोडून नोटीस घेऊन तुझ्या खोलीत आले. तुझा चेहरा मात्र उजळला. "आली? बघू, बघू." माझी इंडेम्निटी तूच, माझ्या मानगुटीवर बसून, दोन वर्षांपूर्वी काढायला लावली होतीस. तू स्वतः फोन फिरवलेस, वकील मिळाला, काकांची समजूत पटली आणि तू सगळ्या इमारतीला पेढे वाटलेस. लोकांना वाटलं माझ्या मुलीचं लग्न ठरलं. त्या दिवशी मी तुला थँक यू म्हटलं नाही, कारण तू ते म्हणण्याजोगं काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस. आता म्हणते. त्या नोटिशीने माझी झोप उडाली असती, तुझ्यामुळे मी नीट झोपले.

पण आपलं खरं भांडण शेवंताबाईवरून.

आपल्या भागात डॉक्टरने आजारी पडायची सोय नाही, हे तुलाही माहीत होतं. बाजारपेठेतल्या त्या डॉक्टरांना मधुमेह असल्याचं फुटलं आणि कांद्याच्या मार्केटात हमालांनी निकाल देऊन टाकला, "सोताची साखर हटंना, आमची काय हटिवनार?" तेव्हापासून इथले डॉक्टर स्वतःचं रक्त स्वतःच्या नावाने लॅबला पाठवत नाहीत. कोणी मेव्हण्याच्या नावाने पाठवतो, कोणी मेलेल्या आत्याच्या. मला खूप तहान लागायला लागली तेव्हा तू माझं रक्त काढलंस, आणि नळीवर काय लिहू म्हणून विचारायचीही तसदी न घेता लिहून टाकलंस, "शेवंताबाई". मी म्हटलं, नाव तरी जरा बरं ठेवायचंस. तू म्हणालास, "साखर बघू आधी, मग बारसं करू."

साखर भरपूर निघाली. शेवंताबाईची.

तिथून त्या बाईचा संसार सुरू झाला. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त जायचं, रिपोर्ट यायचे, गोळ्या बदलायच्या. लॅबचा टेक्निशियन पंडित तिच्यात गुंतला. तो इथला जुना गावकरी, मनाने हळवा. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाला, "म्याडम, इक्बाल सरांची ती शेवंताबाई हाय न्हवं, लई वरसं झाली, साखर काय खाली यीना तिची. घरात कोन बघनारं न्हाई वाटतं. तुमी बाईमानूस, जरा समजावून सांगा की." मी सांगते म्हटलं. पंडितने तिच्यासाठी कारल्याचा रस पाठवला, एक मोठी बाटली. तू ती माझ्या टेबलावर आणून ठेवलीस आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिलास.

पण तू सगळ्यात मोठा सूड उगवलास तो असोसिएशनच्या मासिक सभेत. तिथे दर वेळी एक जण केस मांडतो आणि बाकीचे अक्कल पाजळतात. त्या महिन्यात तुझी पाळी होती आणि तू पडद्यावर शेवंताबाईला आणलंस. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पंचेचाळिशीची स्त्री, मधुमेह, गोळ्या घेते पण गुलाबजाम दिसला की विसरते, चालायला जा म्हटलं तर वेळ नाही म्हणते, आणि सगळ्यात गंभीर लक्षण म्हणजे आजार आहे हेच मान्य करत नाही. कोणीतरी म्हणालं, अशिक्षित असेल. "दुर्दैवाने नाही," तू म्हणालास. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला बोलावून समज द्या. सर्जनसाहेब गरजले, "असल्या बायकांना भीतीच घालावी लागते. पाय कापावा लागेल म्हणा." सगळ्या चाकणचं वैद्यकशास्त्र माझ्यावर तुटून पडलं होतं आणि मला मान डोलवावी लागत होती. मग तू माझ्याकडे वळलास, अगदी आदराने. "सुनंदा मॅडम, आपलं मत?"

मी उठून म्हटलं, "या रुग्णाला मी डॉक्टर बदलायचा सल्ला देईन."

सगळे हसले. सगळ्यात जास्त तू. नंतर जेवणात गुलाबजाम होते आणि मी हात लावला नाही. तू लांबून बघत होतास ते मी पाहिलं होतं.

इथवर गंमत होती. पुढे मात्र तू हट्टाला पेटलास. माझ्या वेळापत्रकातला एकच डोस राहिला होता, स्वतःच्या नावाचा आरोग्य विमा. मी म्हणायचे, यांच्या कंपनीचा आहे की, त्यात मी येते. माझे यजमान चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, शिफ्ट इनचार्ज. तू म्हणायचास, "भाऊसाहेब रिटायर होऊन गेटच्या बाहेर पडले की तो विमा गेटच्या आतच राहतो. त्या दिवशी तू साठीच्या उंबरठ्यावर, साखर अंगात, आणि हातात काय? कारल्याचा रस?" "आयांनी पोरांचे डोस चुकवले की तू त्यांना फाडून खातेस आणि तुझा स्वतःचा डोस बघ," हे तू मला किती वेळा ऐकवलंस. तुझं वाढलेलं बीपी तू स्वतःच्या अर्जात पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतंस. जादा हप्ता भरायचास आणि वर त्याची बढाईही मारायचास.

शेवटी यांच्या निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं तेव्हा मी अर्ज केला. कंपनी अर्जदाराला तिच्या नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवते. चाकणमधला नेमलेला डॉक्टर कोण, तर तू. एजंटला काय माहीत, त्याने चिठ्ठी दिली आणि मी प्लायवूडच्या पलीकडे आले.

तू मला ओळख दाखवली नाहीस. बसा म्हणालास. वजन केलंस, बीपी बघितलंस, नाव, वय विचारलंस. मग कोरड्या आवाजात, "मधुमेह आहे?"

"नाही," मी म्हटलं.

तू पेन खाली ठेवलंस. "पुन्हा विचारतो."

"नाही. रिपोर्ट बघा हवे तर. माझ्या नावाचा एकही नाही."

"अच्छा," तू म्हणालास आणि बेल वाजवून चहा मागवलास. "मॅडमच्यात दोन चमचे साखर टाका. त्यांना काही त्रास नाही."

तो चहा मी प्यायले, इक्बाल. शेवटच्या घोटापर्यंत. तू माझ्याकडे बघत होतास आणि तुझ्या कपाळावर घाम होता. एवढा गोड चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते आणि खरं सांगू, चांगला होता.

मग आपलं जुंपलं. मी म्हटलं, आता गोळ्यांनी साखर आटोक्यात आलीय, तपासलं तरी सापडायची नाही, तू नुसतं 'नाही' लिही. तू म्हणालास, मी लिहिणार नाही. मग मी दुसऱ्याकडे जाते, मी म्हटलं. "जा. तो लिहील. आणि उद्या तुझं मूत्रपिंड कुरकुरायला लागलं, की हॉस्पिटलात तेच विचारतील, पहिली गोळी कधी घेतली? तेव्हा आजारी माणूस खोटं बोलत नाही, सुनंदा. तू पडल्या पडल्या खरं सांगशील आणि ते क्लेम नाकारतील."

"पण माझं रेकॉर्डच नाही ना."

"मग शेवंताबाईचा विमा काढ. तिचं रेकॉर्ड एकदम व्यवस्थित आहे."

मी दार आपटून बाहेर आले. प्लायवूडची भिंत हलली आणि तुझी डिग्रीची फ्रेम खाली पडली, असं नंतर कळलं. आपण मग बोलणं बंद केलं. म्हणजे मी केलं. तू भिंतीपलीकडून प्रत्येक पेशंटला मोठमोठ्याने सांगायचास, की आजार लपवू नका, डॉक्टरपासून तर नाहीच नाही. माझ्याकडच्या आया कानोसा घ्यायच्या. मग एक दिवस माझ्याकडे एका बाळाला झटके आले, भूलतज्ज्ञ वेळेवर येईना, मी भिंतीवर हात मारला आणि तू स्टेथोस्कोप गळ्यातच घेऊन धावत आलास. बाळ सावरलं. तू जाताना म्हणालास, "बोलायला लागलीस का, की फक्त भिंतीशी?" पुढे बोलायला लागलो. अर्जाचा विषय तू दर आठवड्याला काढायचास आणि मी दर आठवड्याला म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघते.

मला तुझं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. मला तू बरोबर असणं परवडत नव्हतं. एकदा तू बरोबर निघालास की पुढची वीस वर्षं तू मला जगू दिलं नसतंस.

ती वीस वर्षं काही आली नाहीत. त्या सकाळी तुझ्या कंपाउंडरने भिंतीवर हात मारला आणि मी धावले, आणि या वेळी मला काहीच करता आलं नाही. जे जे करायचं असतं ते सगळं केलं. तुझ्या छातीवर दाब देता देता मी तुला शिव्या देत होते, हे तिथे असलेल्या पेशंटांनी ऐकलंय. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, भली माणसं आहेत.

तुला दफन करायला पुरुष गेले तेव्हा मी तुझ्या घरी रझियाभाभींजवळ बसले होते. त्या रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "यांनी सगळं करून ठेवलंय, सुनंदा. मला काही म्हणजे काही शोधावं लागणार नाही. माझे भाईजान, यांचे दोस्त, कॉलनीतले डॉक्टर, सगळ्यांच्या मागे लागून करून घेतलं. परवासुद्धा जेवताना म्हणत होते, सगळ्यांचं झालं, सुनंदाचं राहिलंय." मी तोपर्यंत धीराने बसले होते. त्यानंतर भाभींनाच मला सावरावं लागलं.

आणि मग, इक्बाल, पंधरा दिवसांनी माझ्या डोक्यात एक विचार आला. तुला सांगते, कारण तुला सांगायला आता हरकत नाही. शेवंताबाई कोण हे जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक गेला. यांना मी माझ्या गोळ्या थायरॉइडच्या म्हणून सांगितल्या होत्या. तुझ्या जागी कंपनीने मोशीची एक तरुण डॉक्टर नेमली होती. ती मला ओळखत नव्हती. मी 'नाही' म्हटलं असतं तर तिने 'नाही' लिहिलं असतं, आणि पेन खाली ठेवणारं कोणी नव्हतं. मी मोशीला निघाले तेव्हा तेच म्हणायचं ठरवून निघाले होते. खोटं कशाला बोलू.

मुलगी गोड होती. तिच्या वयाची होते तेव्हा मीही इतकीच भरभर बोलायचे. वजन, बीपी, बोट टोचून साखर, नाव, वय. तिने न बघताच विचारलं, "डायबेटिस?" आणि उत्तर येण्याआधीच 'नाही'वर टिक करायला पेन नेलं.

"आहे," मी म्हटलं. "बरीच वर्षं. गोळ्या सांगते, लिहून घे."

तिने वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून सांगते, तुमची आत्ताची साखर चांगली आहे. हे लिहिलं तर हप्ता वाढेल. आणि डायबेटिसमुळे काही झालं तर पहिली काही वर्षं क्लेम मिळणारही नाही. लिहू का नक्की?"

"लिही. आणि पेशंटला असलं पुन्हा सुचवू नकोस," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. मग तिचा चेहरा बघून विचारलं, "तुझी टर्म झाली का? आणि अपंगत्वाचा? हात मोडला तर काय करशील?" ती गोंधळून हसली. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावलं.

पॉलिसी आली. हप्ता जादा आहे. मधुमेहासाठी थांबण्याची मुदत आहे, म्हणजे तोवर मी गुलाबजामपासून लांब राहायचं, ही सक्ती आता तुझ्यापाठोपाठ कंपनीनेही केली. यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, मला माहीत होतं, थायरॉइडची गोळी सकाळी एकदाच असते, ती कोणी दोन्ही जेवणांआधी घेतं का. सगळी कंपनी क्वालिटी चेकमध्ये या माणसाला घाबरते ते उगीच नाही.

पॉलिसी हातात पडली त्या दिवशी मी दवाखान्यात आले, पर्स ठेवली आणि सांगायला म्हणून सरळ तुझ्या खोलीकडे वळले. कुलूप होतं. तिथे एक दातांची डॉक्टर येणार आहे म्हणतात. मी जिन्यात उभी राहून रडले, आणि माझी रडकी पोरं माझ्याकडे बघत गप्प झाली.

तू बरोबर होतास, इक्बाल. घे, म्हटलं. तू असतास तर हे वाक्य तू साऱ्या पिंपरी-चिंचवडला ऐकवलं असतंस, सभेत मांडलं असतंस, पेढे वाटले असतेस, आणि मला वर्षभर तोंड वर काढू दिलं नसतंस. ते सगळं मी ऐकून घेतलं असतं. एका शब्दाने उलट बोलले नसते. बरं, एखाद्या शब्दाने बोलले असते. पण तू भिंतीपलीकडे हसला असतास ना, ते मला ऐकू आलं असतं.